बिल्ला खरा कीं बनावट?



इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं बखरी, फर्मानें आणि ताम्रपट आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु तळहातावर मावणारा धातूचा एखादा तुकडाही इतिहासाची साक्ष देतो. मात्र न्यायासनापुढील साक्षीदाराप्रमाणें त्याचीही उलटतपासणी घ्यावी लागते. ती कशी घ्यावी, हें एका घरगुती उदाहरणानें सांगण्याचा आज विचार आहे.

माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरीं घरीं आला. त्याचे पणजोबा पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेवर होते. त्यानें आणलेल्या काचेच्या चौकटींत एक रुपेरी पदक आणि टोपीवरील एक पितळी बिल्ला बसविलेला होता. पदक वडिलोपार्जित होतें. बिल्ला मात्र जुन्या बाजारांतील एका विक्रेत्यानें कूतच्या वेढ्यांतला म्हणून चांगली किंमत घेऊन विकलेला. "गुरुजी, हें सारें खरें आहे ना?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

कूत हें नांव आपल्याकडे परकें नाहीं. तैग्रिस नदीच्या कांठच्या त्या गांवांत डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जनरल टाऊनशेंडची फौज तुर्कांच्या वेढ्यांत अडकली होती. या फौजेला पुणें डिव्हिजन असेंच नांव होतें, आणि तींत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपल्यावर फौज शरण गेली, आणि कैदेंत कित्येकांचे प्राण गेले. अशा नांवाला बाजारांत किंमत येते, आणि जेथें किंमत येते तेथें नक्कलही येते.

प्रथम आम्ही बिल्ला काचेबाहेर काढला. त्या काळचे पितळी बिल्ले बहुधा पातळ पत्र्यावर पोलादी ठशाचा दाब देऊन उठवीत. त्यामुळें पुढच्या बाजूस जेथें उंचवटा, तेथें मागच्या बाजूस खळगा दिसतो, आणि रेषा धारदार असतात. खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेऊन धातु ओतला, तर पाठ सपाट किंवा रवाळ येते, बारीक छिद्रें राहतात, रेषा बोथट होतात, आणि निवतांना धातु आकसल्यामुळें नक्कल मुळापेक्षां किंचित् लहान भरते. झीजही बोलते. खरी झीज उंचवट्यांवर आणि मागील कड्यांवर होते. औषध लावून आणलेला जुनेपणा उंचसखल भागांवर सारखाच पसरतो.

या परीक्षेंत आमचा बिल्ला उतरला. तो ठशाचाच होता. परंतु ठसा खरा म्हणून काळ खरा ठरत नाहीं. बिल्ल्यावर ब्रिटिश मुकुट होता. महायुद्धाच्या काळांतील मुकुटाच्या कमानी घुमटाप्रमाणें वर फुगलेल्या असत. १९५२ सालीं एलिझाबेथ राणी गादीवर आल्यानंतर सेंट एडवर्डच्या मुकुटाची आकृति रूढ झाली. तिच्या कमानी मध्यभागीं खालीं दबलेल्या असतात. आमच्या बिल्ल्यावरील कमानी दबलेल्या होत्या. १९१६ सालीं शरण गेलेल्या शिपायाच्या टोपीवर हा बिल्ला असणें शक्यच नव्हतें. उलट, घुमटी मुकुट दिसला म्हणूनही हुरळून जाऊं नये. २०२२ सालीं चार्ल्स राजानें पुन्हा तशाच आकृतीचा स्वीकार केला आहे.

विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. मीं त्याला पदक हातांत घ्यावयास सांगितलें. एका बाजूस पंचम जॉर्जचें मस्तक, दुसऱ्या बाजूस घोडेस्वार सेंट जॉर्ज आणि १९१४ व १९१८ हीं सालें. व्यास ३६ मिलिमीटर. हें शिपायांचें चांदीचें युद्धपदक. मजूर व इतर बिनलढाऊ लोकांपैकीं अनेकांना तें कांशाचें मिळे. मग भिंग घेऊन आम्ही त्याची कड पाहिली. काचेआड इतकीं वर्षें झांकलेलीं अक्षरें तेथें होतीं: क्रमांक, हुद्दा, पणजोबांचें नांव आणि पलटण.

लबाड लोक मूळ नांव कानशीनें घासून दुसरें घालतात. पण मग कड झिजून व्यास कमी भरतो. येथें माप पुरें भरलें. तरीही एकाच नांवाचे अनेक शिपाई असतात, म्हणून क्रमांक घरांतील जुन्या कागदांशीं ताडून पाहावा असें मीं सुचविलें. आठ दिवसांनीं तो पणजोबांचा दाखला घेऊन आला. क्रमांक जुळला.

दुसऱ्या महायुद्धांतील पदकांबाबत तर कागदांना अधिकच महत्त्व आहे. कारण ब्रिटिश सैनिकांना मिळालेल्या त्या वेळच्या तारका व सेवापदकें नांव न कोरतां दिलेलीं आहेत. पदक खरें असलें, तरी तें कोणाचें हें तें स्वतः सांगत नाहीं. म्हणून घरांतील दाखले रद्दींत घालूं नका, आणि पदक चकचकीत करण्यासाठीं घासूं नका. घासतांना अक्षरेंच जातात.

विद्यार्थ्यानें चौकटींतून बिल्ला काढून टाकला. त्याचे पैसे गेले खरे. पण दुसऱ्याच्या टोपीवरचें चिन्ह पणजोबांच्या नांवावर पुढच्या पिढीला सांगितलें जाण्याचें टळलें. कूतच्या वाळूंत ज्यांनीं उपास काढले, त्यांच्या स्मृतीला बनावट अलंकाराची गरज नाहीं. आतां ते पदक काचेआड नसतें. घरीं कोणी आलें, कीं तो तें हातांत देतो आणि कड वाचावयास सांगतो.