रिकामी खोली कुठे होती?

वाँग कार-वाय यांच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’ (2000) या चित्रपटात 1962 च्या हाँगकाँगमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहणारे दोन शेजारी आहेत. त्याची बायको आणि तिचा नवरा एकमेकांत गुंतलेत, हे दोघांनाही कळतं. तरी ‘आपण त्यांच्यासारखं वागायचं नाही’ असं ते ठरवतात. या संयमाचं श्रेय बहुधा स्वभावाला किंवा पौर्वात्य संस्कारांना दिलं जातं. त्याच काळातलं सोलापूर शेजारी ठेवून पाहिलं, तर हे श्रेय जागेला आणि कायद्याला वाटून द्यावं लागतं.

1877 मध्ये जुनी गिरणी उभी राहिली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आल्या, आणि निजामाच्या मुलखातून, कानडी पट्ट्यातून, आसपासच्या खेड्यांतून माणसं शहरात आली. चाळीत एका खोलीत अख्खा संसार. पूर्व भागातल्या पेठांत तर घर हाच कारखाना: नवरा मागावर, बायको आणि म्हातारी सासू कांड्या भरायला, पोरं हाताशी. असं घर दिवसभर रिकामं राहत नाही. कोण कधी बाहेर पडलं आणि कधी परतायचं, हे गिरणीचा भोंगाच गल्लीला सांगे. चित्रपटातही नायिका नायकाच्या खोलीत रात्रभर अडकते, कारण बाहेर घरमालक मंडळींचा माजाँगचा डाव पहाटेपर्यंत उठतच नाही. काही घडलेलं नसताना लपावं लागतं! त्या प्रसंगातला पहारेकरी सद्‌विवेक नव्हे, शेजार आहे.

मग त्याच इमारतीतल्या दोन जोडीदारांना कसं जमलं, असा आक्षेप येईल. उत्तर चित्रपटातच आहे: तिचा नवरा कामानिमित्त जपानला जातो, त्याची बायको हॉटेलात पाळीवर असते. प्रतारणेला प्रवासभाडं लागतं, निदान घराबाहेरची नोकरी तरी. रात्रपाळीने सोलापुरातही ही फट थोडी उघडली असेल. पण पाळी संपली की परत त्याच एका खोलीत यायचं.

दुसरी बाजू कायद्याची. भारतीय दंडसंहितेच्या कलम 497 खाली तक्रार करायची ती फसवल्या गेलेल्या नवऱ्याने, परपुरुषाविरुद्ध. फसवल्या गेलेल्या बायकोला तिथे दारच नव्हतं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केलं. 1947 च्या मुंबई हिंदू घटस्फोट कायद्यात नवऱ्याने रखेल ठेवणं हे कारण होतं, एखादा प्रसंग नव्हे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही जोडीदार ‘व्यभिचारी जीवन जगतो आहे’ हे दाखवावं लागे. एक घटना पुरेशी ठरली ती 1976 च्या दुरुस्तीनंतर. हाँगकाँगमध्ये तर चिनी रिवाजाने उपपत्नी ठेवणं 1971 पर्यंत वैध होतं. थोडक्यात, 1962 मध्ये दोन्हीकडच्या फसवलेल्या बाईपुढे सुटकेचे रस्ते फार नव्हते.

कुणी म्हणेल, श्रमिक जातींत काडीमोड आणि पाट होते, त्यांना कोर्टाची गरजच काय? मुद्दा रास्त आहे. 1876 मध्ये शंभू रघूच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने विवाह मोडण्याचा जातीचा अधिकार नाकारला, तरी रूढी मेली नाही. 1955 च्या कायद्याने रूढीने चालत आलेला घटस्फोट राखूनच ठेवला. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. ज्या घरांत नातं मोडून दुसरं घर करता येत होतं, तिथे असा मूक, लांबलेला संयम टिकायचं कारण कमी. तो फुलतो मधल्या थरात: रूढीची वाट सोडलेली, कायद्याची वाट न परवडणारी, अब्रू मात्र जपायची, अशा कारकून-मास्तरांच्या बिऱ्हाडांत. चित्रपटातले दोघेही याच थरातले, ती सेक्रेटरी, तो वृत्तपत्रात.

एवढं मांडूनही एक गोष्ट या हिशेबात बसत नाही. पुढे नायक लिखाणासाठी हॉटेलात खोली घेतो, ती तिथे येते, आणि आता ना माजाँगचा डाव असतो ना घरमालकीण. तिथे काय घडलं, हे दिग्दर्शक ठामपणे सांगत नाही. तो सांगत नाही, हे मला पटतं.