मुंबई विद्यापीठाचे उल्लेखनीय पदवीधर

मुंबई विद्यापीठ हे महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठ असून त्याची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या कलकत्ता व मद्रास विद्यापीठांबरोबर ते आधुनिक भारतातील पहिल्या तीन विद्यापीठांत गणले जाते. न्यायदान, राजकारण, समाजसुधारणा, प्राच्यविद्या, समाजशास्त्र व रसायन अभियांत्रिकी या क्षेत्रांत त्याच्या पदवीधरांनी केलेले कार्य विशेष महत्त्वाचे मानले जाते. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काहींच्या कारकिर्दीचा आढावा घेतला आहे.

'पदवीधर' या संज्ञेची व्याप्ती

लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेले हे विद्यापीठ आरंभी स्वतः अध्यापन करीत नसे; परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच त्याचे काम होते. अध्यापन संलग्न महाविद्यालयांत होई आणि ही महाविद्यालये संपूर्ण मुंबई इलाख्यात पसरलेली होती. त्यामुळे पुण्याच्या डेक्कन किंवा फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून, मुंबईत एकही वर्ष न काढता, मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पुणे विद्यापीठ स्थापन होईपर्यंत, म्हणजे १९४९ पर्यंत, पुण्याच्या पदवीधरांची नोंद मुंबई विद्यापीठाकडेच होते.

याउलट काही नावे या यादीत चुकीने घातली जातात. दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टन संस्थेत शिकले ते विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी. महात्मा गांधी १८८७ साली या विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झाले. मात्र त्यांनी येथील पदवी घेतली नाही.

पहिली तुकडी

बी. ए. ची पहिली परीक्षा १८६२ साली झाली. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे विद्यापीठाचे पहिले पदवीधर होत. वागळे वकिलीकडे वळले. मोडक शिक्षणखात्यात राहिले. चौघांचाही प्रार्थना समाजाशी निकटचा संबंध होता.

इंग्रजी शिक्षणातून सरकारी यंत्रणेला विश्वासू नोकरवर्ग मिळावा, अशी राज्यकर्त्यांची अपेक्षा होती. रानडे यांनी ती पूर्णही केली आणि त्याच वेळी तिला छेदही दिला. १८६६ साली एलएल. बी. झाल्यानंतर ते १८७१ मध्ये पुण्यात न्यायाधीश म्हणून आले आणि सरकारी नोकरीत असतानाच सार्वजनिक सभेच्या कार्याचे मार्गदर्शक झाले. सरकारला त्यांच्याविषयी संशय वाटू लागला. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या सुमारास त्यांची नाशिक व धुळे येथे झालेली बदली याच संशयातून झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तरीही १८९३ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून बाहेर गेलेल्या मराठी भाषेला पुन्हा स्थान मिळावे, यासाठी त्यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले. त्या प्रयत्नांना यश आले ते १९०१ मधील त्यांच्या निधनाच्या सुमारास.

भांडारकर यांची वाट वेगळी होती. एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम त्यांनी हंगामी म्हणून सांभाळले. कायम नेमणुकीच्या वेळी मात्र ती जागा पीटर पीटरसन या युरोपीय विद्वानाला देण्यात आली. विद्वत्तेबाबत शंका नसतानाही एतद्देशीयाला डावलले गेल्याचे हे ठळक उदाहरण आहे. पुढे १८८२ मध्ये कीलहॉर्न यांच्यानंतर ते डेक्कन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १८८५ साली गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८९३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या आधी, १८९२ मध्ये, काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले होते. तेही याच विद्यापीठाचे पदवीधर होत. तेलंग यांचे १८९३ साली अकाली निधन झाले आणि उच्च न्यायालयातील त्यांच्या जागी रानडे यांची नेमणूक झाली.

नोकरीऐवजी शाळा

१८७० नंतरच्या पिढीत सरकारी नोकरी नाकारण्याची प्रवृत्ती दिसते. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सरकारी शाळेतील शिक्षकाची नोकरी सोडली आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. त्यांना बाळ गंगाधर टिळक येऊन मिळाले, एम. ए. होताच गोपाळ गणेश आगरकरही दाखल झाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ साली पदवीधर झालेले गोपाळ कृष्ण गोखले मासिक ७५ रुपये वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची अट मान्य करून या संस्थेचे आजीव सदस्य झाले. त्या काळी पदवीधराला सरकारी किंवा वकिली मार्गाने याहून पुष्कळ अधिक मिळू शकले असते.

ही एकजूट मात्र टिकली नाही. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, या वादातून आगरकर 'केसरी'पासून दूर झाले आणि १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. राष्ट्रीय राजकारणातील जहाल-मवाळ संघर्षाचे एक मूळ फर्ग्युसनच्या शिक्षकवर्गातील या मतभेदात शोधता येते.

गोखले यांच्याबरोबरच १८८४ मध्ये बी. ए. झालेले धोंडो केशव कर्वे गणिताचे अध्यापक म्हणून फर्ग्युसनमध्ये आले. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. स्त्रियांसाठी वेगळे आणि मातृभाषेतून शिकवणारे विद्यापीठ हवे, ही त्यांची भूमिका होती. त्यांना १९५८ मध्ये भारतरत्न प्रदान करण्यात आले. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे लेखक व १९४७ ते १९४९ या काळातील कुलगुरू पांडुरंग वामन काणे यांना हाच सन्मान १९६३ मध्ये मिळाला.

स्त्री पदवीधर

नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर होत. डेक्कन महाविद्यालयातून पदवी परीक्षेत त्या अग्रक्रमाने उत्तीर्ण झाल्या. तथापि अशा विद्यार्थ्याला इंग्लंडमधील शिक्षणासाठी मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारण्यात आली. इंग्लंडमधील हितचिंतकांनी जमवलेल्या निधीवर त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये त्यांनी तेथील कायद्याची परीक्षा दिली, परंतु ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभ केल्यानंतरच, १९२२ मध्ये, त्यांना ती पदवी प्रत्यक्ष मिळाली. पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कांसाठी त्यांनी दीर्घकाळ काम केले. त्या राष्ट्रीय चळवळीच्या विरोधक होत्या आणि त्यामुळेच कदाचित त्यांचे नाव महाराष्ट्रात फारसे घेतले जात नाही.

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) १९३३ मध्ये बी. एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह धरला, तेव्हा एक वर्षाच्या परीक्षणकाळाची अट घालून तो देण्यात आला. वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या घटकावरील संशोधनासाठी १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. दिली. मुंबईत परतल्यावर विज्ञान संस्थेत (रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) त्यांनी नीरा व कडधान्यांच्या पोषणमूल्यावर काम केले व पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. त्यांच्या भगिनी दुर्गा भागवत या याच विद्यापीठाच्या एम. ए.; लोकसाहित्याच्या अभ्यासक असलेल्या दुर्गाबाईंनी १९७५ च्या कराड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष म्हणून आणीबाणीला जाहीर विरोध केला.

भीमराव रामजी आंबेडकर

आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले व १९१२ मध्ये अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे विषय घेऊन बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाले. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढील काळात त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले आणि १९३५ मध्ये शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले.

आपल्या विद्यापीठाविषयी त्यांनी घेतलेली भूमिका तुलनेने कमी परिचित आहे. मुंबई विधिमंडळात १९२७ साली विद्यापीठ कायद्यातील दुरुस्तीवर चर्चा झाली, तेव्हा केवळ परीक्षा घेणारी संस्था म्हणून विद्यापीठाने राहू नये, तसेच त्याच्या कारभारात मागासवर्गीयांना प्रतिनिधित्व मिळावे, असे प्रतिपादन त्यांनी केले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ पासून मुंबईत चालू झाले.

विद्यापीठाचे स्वतःचे विभाग

१९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला व पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्रमुख झाले. त्यांच्यानंतर आलेल्या गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास आणि अ. र. देसाई यांनी पदव्या घेतल्या. जातीकडे पाहण्याच्या या तिघांच्या दृष्टी एकमेकांशी, तसेच गुरूच्या दृष्टीशी, बऱ्याच अंशी विसंगत आहेत. इरावती कर्वे यांना 'युगान्त'साठी १९६८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

१९३३ मध्ये सुरू झालेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून मनमोहन शर्मा आणि रघुनाथ माशेलकर हे रसायन अभियंते बाहेर पडले. शर्मा यांना १९९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय रसायन अभियंता होत. गोव्यातील माशेल येथे जन्मलेल्या माशेलकर यांचे बालपण मुंबईत अत्यंत गरिबीत गेले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक (१९९५ ते २००६) असताना त्यांनी हळदीच्या औषधी उपयोगावरील अमेरिकी एकस्वाला दिलेले आव्हान यशस्वी ठरले. हा विभाग २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाला. त्यामुळे त्यानंतरच्या तेथील पदवीधरांचा समावेश मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांत होत नाही.