परवान्यावरचे दुसरे नाव

माजिवड्याला मुंबई-नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता एकत्र येतात. त्या नाक्याच्या आसपास कुठल्याही मेडिकलमध्ये शिरलात तर भिंतीवर दोन चौकटी दिसतात: नमुना 20 आणि नमुना 21. लोकांना दिसेल अशा जागी परवाना लावावा, ही अट परवान्यातच आहे. मालकाखेरीज आणखी एक नाव त्यावर असते, ज्याच्या देखरेखीखाली औषधे विकायची त्या फार्मासिस्टचे. हे दुसरे नाव तिथे कसे आले आणि त्यामागे फार्मासिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेचा वाटा किती, हे ठराव, अहवाल, कायदे आणि निकालांच्या कागदांतून बऱ्यापैकी जुळवता येते.

9 मार्च 1927 रोजी कौन्सिल ऑफ स्टेटने औषधांच्या बेबंद विक्रीला आवर घालण्याची मागणी करणारा ठराव केला. सरकार हलले ते तीन वर्षांनी. 1930 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. परळच्या हाफकिन संस्थेतले फादर कायस तिचे एक सदस्य होते. 1931 च्या अहवालाने निदान स्पष्ट केले. औषधे भेसळीची आहेतच, पण ती देणारा असा शिकलेला वर्गही देशात नाही. त्याची जागा कंपाउंडर चालवून नेतात. औषधांचा आणि औषध देणाऱ्यांचा बंदोबस्त एकत्रच करावा, असे समितीने सुचवले. सरकारने दोन्ही वेगळे केले. औषधांचा कायदा 1940 मध्ये आला, माणसांचा 1948 मध्ये. बाटली आधी आणि बाटली देणारा आठ वर्षांनी, हा क्रम मला बोलका वाटतो.

मधल्या काळात संघटना उभी राहिली. महादेव लाल श्रॉफ यांनी 1932 पासून बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण सुरू केले होते. 1939 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने ‘इंडियन जर्नल ऑफ फार्मसी’ निघाले आणि इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन आपले स्थापनावर्षही तेच सांगते. म्हणजे कायद्याने व्यवसायाला मान्यता देण्याच्या नऊ वर्षे आधी व्यवसायाकडे स्वतःचे नियतकालिक होते.

1948 चा फार्मसी कायदा वाचताना दोन कलमांपाशी थांबावे लागते. कलम 31 ने पहिल्या नोंदवहीचे दार उघडे ठेवले. पदवी-पदविका नसली तरी दवाखान्यात किंवा रुग्णालयात पाच वर्षे औषधे तयार करण्याचा अनुभव असला तर नाव नोंदता येई. कंपाउंडर फार्मासिस्ट झाला तो या वाटेने. कलम 42 म्हणते की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे. फक्त ते लागू करण्याची तारीख राज्यांवर सोडलेली होती. शेवटी 1976 च्या दुरुस्तीने बजावले की तारीख न ठरवणाऱ्या राज्यात ठरावीक मुदतीनंतर कलम आपोआप लागू होईल. ती मुदत 1 सप्टेंबर 1984 रोजी संपली. कायद्याचा गाभाच छत्तीस वर्षे तहकूब राहू शकला, तो असा.

नोंदवहीत अनुभवाने आलेल्यांची गर्दी असताना पुढची पिढी शिकवायची कुणी? असोसिएशनचे सर्वांत ठोस काम मला इथे दिसते. तिच्या महाराष्ट्र शाखेने 1957 मध्ये बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी काढले. ते कालिन्याला आहे, संघटनेचे मुख्यालयही तिथेच. शिक्षणाचे किमान नियम केंद्रीय फार्मसी कौन्सिलने 1953 मध्ये घातले होते. पण नियमाने वर्ग भरत नाहीत, त्यासाठी इमारत आणि मास्तर लागतात.

इथे तीन संस्थांची गल्लत नको, कारण ती सर्रास होते. नोंदणी करते आणि ती रद्दही करू शकते ती महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल. तिचे कार्यालय ठाण्याला लागून मुलुंडच्या कामगार विमा रुग्णालयाच्या आवारात आहे. दुकानदारांची ताकद म्हणजे ऑल इंडिया ऑर्गनायझेशन ऑफ केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स. तिचे दीर्घकाळचे अध्यक्ष, विधान परिषदेचे माजी सदस्य जगन्नाथ शिंदे कल्याणचे. ऑनलाइन औषधविक्रीविरुद्ध 14 ऑक्टोबर 2015, 30 मे 2017 आणि 28 सप्टेंबर 2018 रोजी देशभर शटर खाली आले, ते या संघटनेच्या हाकेवर. स्टॉकिस्ट नेमताना संघटनेचे ना-हरकत पत्र सक्तीचे करण्यासारख्या प्रथांबद्दल स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी 2013 मध्ये तिला सुमारे 47.40 लाख रुपयांचा दंड केला. त्याच सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे फार्मासिस्ट गैरहजर असलेल्या दुकानांवर कारवाई करत होते आणि राज्यातले केमिस्ट त्याविरुद्ध बंद पुकारत होते.

असोसिएशनच्या हाती ना नोंदणी, ना शटर. व्यवसायाच्या नावाने बोलण्याचा मान तिचा, पण गल्ल्यामागच्या बहुतेकांचे पोट दुकानाच्या संघटनेशी बांधलेले. कायदा दुकानात माणूस मागतो आणि धंद्याला त्या माणसाचा पगार जड वाटतो. अशा वेळी पत्रिका, अधिवेशने आणि दर नोव्हेंबरचा राष्ट्रीय फार्मसी सप्ताह यांनी किती दबाव येणार? थोडाच, असे मला वाटते.

एका कागदावर मात्र ही सगळी नावे एकत्र सापडतात. 2012 मध्ये केंद्रीय क्षयरोग विभागाशी झालेल्या करारात असोसिएशन, केमिस्टांची संघटना आणि केंद्रीय फार्मसी कौन्सिल तिघेही होते. संशयित रुग्णाला तपासणीला पाठवणे, गोळ्या देखरेखीखाली देणे अशी कामे दुकानाकडे यावीत, हा हेतू. त्यात भाग घेणे ऐच्छिक होते. 1 मार्च 2014 पासून अनुसूची एच-1 लागू झाली आणि क्षयरोगाच्या औषधांसह 46 औषधांची विक्री वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपणे बंधनकारक झाले. मार्च 2018 च्या अधिसूचनेने पुढचे पाऊल टाकले. क्षयरोगाचे औषध देणाऱ्या प्रत्येक दुकानाने रुग्णाची माहिती स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याला कळवायची, नाहीतर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमे 269 आणि 270. असोसिएशनने 2012 मध्ये राजीखुशीने अंगावर घेतलेल्या कामाचा एक भाग आता माजिवड्यातल्या दुकानालाही टाळता येत नाही.