गोधडी नेमकी कधीची?

संग्रहालयात वस्तूजवळ पाटी असते, त्यावर साल असतं. ती वस्तू गोधडी असेल तर त्या सालावर जरा संशय घ्या. नाणं टांकसाळीत एका दिवसात पाडलं जातं. गोधडी घरातल्या कामांच्या फटीत शिवली जाते आणि वर्षानुवर्षं अर्धवट पडून राहते. मग साल कशाचं धरायचं? पहिल्या टाक्याचं, शेवटच्या टाक्याचं, की कापडाचं?

आधी लेखी पुरावा बघू. ३१ मे १८११ रोजी इंग्लंडमधल्या चॉटन गावाहून जेन ऑस्टिननं बहीण कॅसँड्राला पत्र लिहिलं. बागेतल्या तुतीच्या झाडांची खबरबात देता देता ती विचारते, ठिगळकामासाठी तुकडे जमवायचं लक्षात आहे ना, कारण इकडे काम अडलंय. त्याच वर्षी तिची पहिली कादंबरी छापून आली, पण या ओळीत काळजी आहे ती चिंध्यांची! चॉटनच्या त्या घरात आता संग्रहालय आहे. आई आणि दोघी बहिणींनी मिळून केलेलं म्हणून एक पांघरूण तिथे दाखवतात. पत्र आणि पांघरूण लगेच जोडून टाकावंसं वाटतं. शक्यता दाट आहे, पण पत्रातला तो प्रश्न पांघरुणाचं वर्णन करत नाही. तो दुवा आपण जोडतो, म्हणून तुमच्या वहीत या दोन गोष्टी वेगळ्या रकान्यांत लिहा.

आता खुद्द वस्तूकडे या. इंग्लंडमधल्या एका पद्धतीत कागदाचे षटकोन किंवा चौकोन कापतात, त्यावर कापड दुमडून कच्चे टाके घालतात आणि मग कडा एकमेकींना शिवतात. काम पुरं झालं की कागद सहसा काढून टाकतात. म्हणजे नीट पूर्ण झालेली गोधडी आपला बराचसा पुरावा स्वतःच फेकून देते! रखडलेल्या कामात मात्र कागद तसेच राहतात. जुनी पत्रं, हिशेबाची पानं, वर्तमानपत्राचे तुकडे, मुलांच्या कित्त्याच्या वह्या. घरातली रद्दी ती, पण एखाद्या तुकड्यावर तारीखही सापडते. मला तर अशी अपुरी कामं जास्त बोलकी वाटतात.

रसायनशास्त्रवाल्यांनी इथे कान टवकारावेत. विल्यम पर्किनला मॉव्ह हा कृत्रिम जांभळा रंग १८५६ मध्ये सापडला. एखाद्या तुकड्यात तो रंग सिद्ध झाला, तर तो तुकडा १८५६ च्या आधी शिवलेला असूच शकत नाही. याला ‘टर्मिनस पोस्ट क्वेम’ म्हणतात, म्हणजे ‘याच्या अलीकडेच’ अशी मर्यादा. घोटाळा होतो तो इथे: ही मर्यादा सर्वांत नव्या तुकड्यावरून ठरते, जुन्यावरून नाही. आजीच्या तरुणपणीची साडी नातीच्या गोधडीत येतेच. शिवाय ही मर्यादा फक्त त्या तुकड्यापुरती. बाकीचा भाग त्याआधी वीस वर्षं शिवून ठेवलेला असू शकतो.

आपल्याकडच्या वाकळीत कागद नसतो. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालायची आणि धावदोरा मारत जायचा. माझ्या आईची एक वाकळ दहा-बारा वर्षं चालली. आजीचं दुखणं, आमच्या परीक्षा, दर दिवाळीला ती गुंडाळून माळ्यावर जायची. कोपऱ्यात माझ्या शाळेच्या गणवेशाचं ठिगळ आहे, त्यावरून एक मर्यादा मिळते. आईला विचारलं, कधी केलीस? म्हणाली, “केली कुठे, होत गेली.”

मग मी दोरा पाहिला. मधला भाग पांढऱ्या दोऱ्याचा आहे, पुढे निळा सुरू होतो, आणि निळ्यातले टाके बारीक, एकसारखे. शेवटची बाजू मात्र ताईचं बाळंतपण तोंडावर आल्यामुळे आठ दिवसांत उरकली. तिथे टाके बोटाच्या पेरापेराएवढे लांब आहेत.