एकशेआठ घागरी

इतिहास म्हणजे तलवार, असं शाळेत शिकवलं. केरसुणीला इतिहास नाही असं कोणी तोंडाने बोललं नाही. पण पुस्तकात ती कुठे दिसली नाही, म्हणून आपणही तसंच धरून चाललो. गड कोणी बांधला ते सांगतात. गडाखालच्या गावाचा केर कोणी उचलला, मेलेलं ढोर कोणी ओढलं, आणि ते करून आलेल्या बाईने आपलं स्वतःचं घर कधी झाडलं, ते सांगत नाहीत.

मी वरंधच्या बाजूची. महाडहून भोरकडे जाताना घाट लागतो, त्याच्या पायथ्याची. इथून जवळच शिवथरघळ आहे. रामदासांनी दासबोध तिथे रचला असं मानतात. १९३० साली धुळ्याच्या शंकरराव देवांनी ही घळ शोधून काढली. चांगलं झालं. विस्मरणात गेलेली घळ सापडली. पण त्याच डोंगरात आपल्या वाड्यांच्या बाया ज्या झऱ्यांवर रात्री-अपरात्री ताटकळत बसल्या, त्या झऱ्यांचा शोध घ्यायला अजून कोणी आलेलं नाही. तो आपल्यालाच घ्यावा लागणार.

घर झाडणं हा बायकी विषय, मासिकात कशाला, असं काही दोस्त म्हणतील. त्यांनी महाडचा इतिहास पुन्हा एकदा वाचावा. तो जसा पाण्याचा आहे, तसाच स्वच्छतेचाही आहे.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. तळ्याच्या पायरीवर आपला माणूस उभा राहू शकत नव्हता. मुसलमान पाणी भरत, ख्रिस्ती भरत, गुरं पीत. आपल्याला बंदी. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद झाली आणि २० तारखेला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले. पाणी प्याले. मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून आपल्या माणसांची डोकी फोडली, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यानंतर काय झालं तेही ठाऊक आहे, पण त्याच्याकडे कोणी घर झाडणाऱ्या बाईच्या नजरेने बघितलं नाही. सनातन्यांनी तळं शुद्ध केलं. एकशेआठ घागरी घेतल्या. शेण, गोमूत्र, दूध, दही घालून त्या मंत्र म्हणत तळ्यात बुडवल्या. म्हणजे पिण्याच्या पाण्यात शेण आणि मूत कालवलं आणि म्हणाले, आता पाणी पिण्यालायक झालं!

कोणत्याही लेकुरवाळीला विचारा. हंड्यात शेणाचा हात बुडला तर ती काय करील? हंडा ओतून टाकील, राखेनं घासून पुन्हा भरून आणील. शेण भुईला लावायचं, पाण्याला नाही, हे अडाणी बाईला कळतं. महाडच्या शास्त्र्यांना कळलं नाही. कारण त्यांना पाणी स्वच्छ करायचंच नव्हतं, शुद्ध करायचं होतं. ह्या दोन शब्दांत आपल्या सगळ्या दुःखाचं मूळ आहे. स्वच्छता डोळ्याला दिसते, नाकाला कळते, तिला पाणी लागतं. शुद्धता दिसत नाही, ती जन्माला चिकटवलेली असते. आपण कितीही घासलं तरी शुद्ध होत नाही, आणि ते कितीही घाण करोत, अशुद्ध होत नाहीत. विटाळ हा शब्दही असाच. आपल्या सावलीचा विटाळ, बाईच्या पाळीचा विटाळ, बाळंतिणीचा विटाळ. एकाच शब्दाने जात आणि बाई दोन्ही कोपऱ्यात बसवल्या. महाडजवळच्या रावढळच्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ सालीच ह्या विटाळाविरुद्ध पुस्तिका छापून धर्ममार्तंडांना सवाल केले होते. उत्तर आलं नाही. चाळीस वर्षांनी उत्तर आलं ते तळ्यात, घागरीतून.

आता आपल्या घरात या. जुनं घर म्हणजे कुडाच्या भिंती, वर पेंढा, आत एक खण. त्यातच चूल, त्यातच निजणं, त्यातच बाळंतपण. असं घर पोराबाळांत नीट ठेवायचं म्हणजे सगळं भुईवरून वर उचलायचं. कपडे वलणीवर. कालवण शिंक्यात. विळा, कोयता आढ्याला खोचलेला. मीठमिरची कोनाड्यात. दाणागोटा उतरंडीत, सर्वांत जड मडकं खाली. तान्हं झोळीत, रांगतं पोर थोरल्या पोरीच्या कडेवर. आणि ही थोरली पोरगी सात-आठ वर्षांची. सारवलेली भुई सुकेपर्यंत तिने धाकट्याला पडवीत धरून ठेवायचं. त्या वेळात तिची शाळा बुडते. आपल्या किती बहिणींची शाळा अशी ओल्या भुईवर बुडाली त्याची नोंद कुठल्या हजेरीपटात नाही. गैरहजर, एवढंच लिहिलेलं असतं.

आणि पाणी? आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भिंतीला ओल, सरपणाला ओल, पोरांची दुपटी चुलीवर वाळवायची. आणि एप्रिल-मे आला की पोलादपूर, महाडच्या डोंगरवाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. पडलेलं पाणी नदीवाटे खाडीला निघून जातं. मोजून बघा. तीन लहान पोरांचं घर. पिणं, रांधणं, भांडी, धुणं, पोरांची आंघोळ, हगलेलं-मुतलेलं धुणं. हात आखडून वापरलं तरी दहा-बारा हंडे दिवसाला लागतात. म्हणजे सनातन्यांनी एका दिवसात ज्या एकशेआठ घागरी मंत्रासाठी वापरल्या, तेवढ्यात आपलं एक घर नऊ-दहा दिवस स्वच्छ राहिलं असतं. आधी पाणी अडवायचं, मग म्हणायचं, ही माणसं घाणेरडी. पाय बांधायचे आणि लंगडा म्हणून हसायचं, तशातली ही गत.

त्याच १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा महाडला आले. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. तळ्यावर कोर्टाची मनाई आली म्हणून सत्याग्रह पुढे ढकलला. आणि परिषदेच्या शेवटी बाबासाहेब बायांपुढे बोलले. ते काय बोलले याचा सारांश असा: गुडघ्यावर नेसलेलं लुगडं आणि गळ्या-हातांतला कथला-चांदीचा भार ही आपली ओळख झालीय, ती टाका. स्वच्छ राहा. मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला, पोराला थारा देऊ नका. मुलग्यांबरोबर मुलींनाही शाळेत घाला. बायांनी लगोलग लुगडी पायघोळ नेसली. चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या बायांनी नेसायला शिकवलं.

ह्यावर आपलेच काही विचारवंत म्हणतात की ही वरच्या जातींची नक्कल झाली. बाईला पुन्हा घर टापटीप ठेवायला लावलं. मला हे पटत नाही. हुकमाखाली दुसऱ्याचं अंगण झाडणं आणि आपल्या मर्जीने आपलं घर झाडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गावचं ढोर ओढायचं नाकारलं तेव्हाच आपल्या घरातला वास गेला. मार्चच्या परिषदेत मृतमांस सोडा, गावकीची लाचारी सोडा म्हणून सांगितलं होतं. डिसेंबरात तेच बाईच्या हाती दिलं, कारण घरात काय शिरेल आणि काय शिरणार नाही हे उंबऱ्यावर ती ठरवते. बामणाच्या घरात विटाळ शिरू नये म्हणून उंबरा असतो. आपल्या उंबऱ्यावर बाबासाहेबांनी बाईला उभं केलं ते दारू आणि लाचारी अडवायला. याला नक्कल म्हणत नाहीत.

आणि हे सांगणारा माणूस काही बंगल्यातून आला नव्हता. तेव्हा ते परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत राहात होते. महाडच्या आधी जेमतेम आठ महिने, जुलै १९२६ मध्ये, त्यांचा राजरत्न गेला होता. रमाईची पाच लेकरं, त्यांतला एक यशवंत जगला. चाळीतलं घर, आजारी पोर आणि पुस्तकांची रास एकत्र सांभाळणं काय असतं हे रमाईला विचारायला कोणी गेलं नाही. १९३५ साली ती गेली.

आमच्याकडचे बाप्ये गिरणीत, गोदीत, म्युनिसिपालटीत गेले. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फूट. नळ आणि संडास सामायिक. तिथेही बायांनी तेच केलं जे कुडाच्या घरात केलं होतं. माळा काढला, वलण बांधलं, फळीवर भांडी ओळीने मांडली. पण एक गोष्ट नवी आली. पोराच्या दप्तराला खुंटी. गावच्या घरातही १९५६ नंतर देव्हारा निघाला, तिथे बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर आली. खंडोबा, मरीआईचे टाक काही घरांतून नदीत सोडले गेले. त्या कोनाड्यात मग पाटी-पुस्तक राहू लागलं. घर लावणं म्हणजे काय हे मला विचाराल तर हेच. कोणती वस्तू कुठे राहील हे ज्याच्या घराची आहे त्याने ठरवणं.

पण एक कडू गोष्ट बोललीच पाहिजे. बाबासाहेबांच्या त्या भाषणातलं अर्धं आपल्या पुरुषांनी पक्कं लक्षात ठेवलं. घर स्वच्छ ठेव, पोरं नीट ठेव. दारूचं अर्धं मात्र ते सोयीने विसरले. जयंतीला निळा झेंडा लावतात आणि रात्री त्याच घरात ओकतात. ती भुई सकाळी कोण पुसतं? १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाने तळ्याचा निकाल आपल्या बाजूने दिला. घरातल्या हंड्याचा निकाल अजून लागायचा आहे. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर लोकांच्या वेळेची मोजणी केली. घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं ते करते. घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं, आणि तेही शंभरातले फक्त सव्वीसच पुरुष काही करतात. हा आकडा सगळ्या जातींचा आहे. क्रांतीची भाषा बोलणाऱ्यांनी आपल्या घरापुरता तो आकडा काढून बघावा.

२२ जुलै २०२१ ला आमच्या भागात तळीये गावावर दरड आली. ऐंशीच्या वर माणसं गेली. त्याच रात्री महाड शहर पुरात बुडालं. पाणी ओसरलं तेव्हा घराघरांत चिखल. चहूकडे पाणी आणि घर धुवायला पाणी नाही. वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत सगळ्या बाया चिखलाने माखलेलं अंथरूण, भांडी, पोरांची वह्यापुस्तकं दारात काढून बसल्या. तेव्हा मंत्र म्हणायला कोणी आलं नाही. फावडी घेऊन आले ते ठाणे, नवी मुंबईकडचे सफाई कामगार. ह्या कामात कोणत्या जातीची माणसं जास्त असतात हे सांगायला नको. ज्या शहराने आपल्या स्पर्शाने तळं बाटलं म्हटलं, त्याच्या घरातला गाळ शेवटी आपल्याच हातांनी निघाला.

म्हणून सांगते, हा इतिहास लिहून ठेवा. तुमच्या वाडीचं पाणी कुठलं होतं, किती लांब होतं, कोण आणत होतं, हे म्हाताऱ्या बाया आहेत तोवर विचारून घ्या. कोणत्या घरातून ढोराचं मांस कोणत्या साली बंद झालं, कोणत्या पोरीची शाळा धाकट्याला सांभाळण्यापायी सुटली, ते लिहा. आणि विचारायला जाल तेव्हा, बाप्यांनो, तिच्या हातातली केरसुणी आधी आपल्या हातात घ्या. तेवढ्या वेळात तिला बसून बोलता येईल.