एकदाच दिलेला होकार

आपल्या खात्यातले पैसे दुसऱ्याने काढून घ्यायचे, आणि तेही आपल्याच परवानगीने! ही कल्पना मला नेहमीच धाडसाची वाटत आली आहे. तिचं मूळ शोधत गेलो तर थेट आइस्क्रीमपाशी पोहोचलो.

ब्रिटनमध्ये युनिलिव्हरला दुकानदारांकडून आइस्क्रीमचे पैसे वसूल करायचे होते. कंपनीतल्या अ‍ॅलिस्टर हॅन्टन यांनी १९६४ साली उलटी वाट काढली. दुकानदाराने एकदाच परवानगी द्यायची, मग बिल होईल तेवढी रक्कम कंपनीने बँकेकडून मागून घ्यायची. स्टँडिंग इन्स्ट्रक्शनमध्ये रक्कम आपण ठरवतो, इथे मागणारा ठरवतो. खरी मेख इथेच आहे. म्हणून तर चुकीची रक्कम गेली की बँकेने ती परत करायची, अशी हमी तिथे ग्राहकाला मिळते.

आपल्याकडे १९९०च्या दशकात रिझर्व्ह बँकेची ईसीएस आली. एका सहीवर कर्जाचे हप्ते आपोआप जाऊ लागले. पुढे तिची जागा एनएसीएचने घेतली. कार्डावरच्या अशा वसुलीसाठी मात्र १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम कडक झाले: किमान २४ तास आधी सूचना, आणि ५,००० रुपयांच्या वर दर वेळी ओटीपी. ही मर्यादा २०२२ मध्ये १५,००० झाली.

थोडक्यात काय, तर सोय आधी आली आणि राखण मागाहून. तेव्हा मंडळी, मँडेटवरची कमाल रक्कम आणि शेवटची तारीख वाचल्याशिवाय सही करू नका. होकार एकदाच द्यायचा असतो, पैसे मात्र दर महिन्याला जातात!