मोटारीचें इंजिन आणि माणसाचा हात

चांदा जिल्ह्याचें नांव काढलें कीं सागवानाचें अरण्य, वाघ, दगडी कोळसा आणि गोंडराजांचा कोट एवढ्या गोष्टी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. या जिल्ह्यास १९६४ पासून चंद्रपूर म्हणूं लागले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्याचा पूर्वभाग गडचिरोली या नांवानें वेगळा झाला. अशा अरण्यप्रदेशाच्या इतिहासांत शर्यतीच्या घाटाच्या मोटारीस स्थान आहे असें कोणी सांगितलें तर थट्टा वाटेल. तथापि तें खरें आहे. आजच्या भाषणाचा विषय ती मोटार आणि तिच्यासारख्या मोटारींचें इंजिन घरच्या गाडीखान्यांत उतरविण्याची व पुन्हा चढविण्याची कला हा आहे.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजीं हिंगणघाट येथें झाला. घर जमीनदाराचें, शिक्षण वकिलीचें. चित्रपटांचा त्यांना एवढा नाद होता कीं हॉलिवुडच्या नटींशीं ते पत्रव्यवहार करीत. तरुणपणीं त्यांच्यापाशीं सिंगर बनावटीची स्पोर्ट्स मोटार होती आणि तिच्या बैठकींवर बिबळ्याच्या कातड्याचीं आच्छादनें होतीं. पुढें हेच गृहस्थ बाबा आमटे या नांवानें जगास ठाऊक झाले. बाबांच्या चरित्रांत या मोटारीचा उल्लेख विलासाची खूण म्हणून एका वाक्यांत येतो आणि वाचक पुढें जातो. आपण मात्र क्षणभर त्या मोटारीपाशीं थांबूं.

सिंगर ही इंग्लंडांतील कव्हेंट्री शहरची कंपनी. जॉर्ज सिंगर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत सायकली बनविण्यापासून आरंभ केला आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीं कंपनी मोटारींकडे वळली. आपल्याकडील लक्ष्मणराव किर्लोस्करांची वाटहि अशीच आहे. बेळगांवीं सायकलींच्या दुकानापासून निघून ते लोखंडी नांगरापर्यंत पोहोंचले, १९१० मध्यें त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली, आणि १९४६ मध्यें त्यांच्या घराण्यानें पुण्यास ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. सायकल खोलून पुन्हा जोडतां येणारा माणूस पुढें कोठें जाईल याचा नेम नसतो, हें या दोन उदाहरणांवरून दिसतें.

सिंगर कंपनीची ‘नाइन’ ही छोटी मोटार विशेष नांवाजली. तिचें इंजिन अवघें ९७२ घनसेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें. परंतु वालांचा कॅमशाफ्ट खालीं नसून माथ्यावर, सांखळीनें फिरणारा. १९३३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत ही मोटार धांवली. लहान इंजिनाकडून मोठें काम घ्यावयाचें तर तें वेगानें फिरवावें लागतें, आणि वेगानें फिरणारें इंजिन लौकर तापतें व लौकर झिजतें. स्पोर्ट्स मोटारीचा हा स्वभावच आहे. त्या काळच्या पेट्रोलनें व तेलानें पिस्टनच्या माथ्यावर काजळी धरे, वाल जळत, आणि कांहीं हजार मैल झाले कीं हेड खोलून काजळी खरवडावी लागे. आंतील बेअरिंगें झिजलीं असतील तर हेड खोलून भागत नसे. सबंध इंजिनच गाडींतून उतरवावें लागे.

आतां त्या काळचा आमचा प्रदेश ध्यानांत घ्या. वरोऱ्यास कोळशाच्या खाणीमुळें आगगाडी एकोणिसाव्या शतकांतच आली होती. परंतु रुळ सोडून चार कोस आंत गेलें कीं बैलगाडीचें राज्य सुरू होई. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती या नद्या पावसाळ्यांत वाटा अडवून बसत. मोटारींची मोठीं दुरुस्तीगृहें नागपुरास. तेव्हां ज्याच्या घरीं मोटार असे त्याच्या घरीं पाने व हत्यारेंहि लागत, आणि गांवांत लोहाराचा हात असलेला एखादा मिस्त्री शोधून ठेवावा लागे. पुढें भात भरडण्याच्या व तेलाच्या गिरण्यांतून ऑइल इंजिनें आलीं तेव्हां हीच विद्या त्यांच्या कामीं आली.

इंजिन उतरविण्याचें काम बळाचें वाटतें, परंतु तें क्रमाचें आहे. प्रथम बॅटरीची तार सोडावयाची, कारण ठिणगी व पेट्रोल यांची गांठ पडतां कामा नये. मग रेडिएटरचें पाणी व तळाचें तेल काढावयाचें. बॉनेट व रेडिएटर बाजूस ठेवून पेट्रोलची नळी, कार्बुरेटरचे दांडे, डायनॅमो व स्टार्टर यांच्या तारा आणि धुराची नळी हीं एकेक मोकळीं करावयाचीं. प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधावयाची आणि प्रत्येक जागेचे नट वेगळ्या डबींत ठेवावयाचे. येथें आळस केला तर त्याची किंमत आठ दिवसांनीं इंजिन चढवितांना द्यावी लागते. त्यानंतर मागच्या चाकांकडे जाणारा दांडा व क्लचची जोडणी सोडावयाची. इंजिन ज्या बोल्टांवर गाडीच्या सांगाड्यांत बसलेलें असतें ते बोल्ट सर्वांत शेवटीं.

शहरांत यासाठीं लोखंडी घोडा असतो. अरण्याच्या कांठीं राहणाऱ्यास तीन मजबूत सागवानी वाशांची तिकटी आणि सांखळीची कप्पी पुरते. मात्र वाशांचे पाय घसरूं नयेत म्हणून जमिनींत खळगे घ्यावे लागतात. इंजिन व गिअरबॉक्स एकदम काढावयाचीं असल्यास पुढचें तोंड वर आणि गिअरबॉक्सची शेपटी खालीं अशा तिरकस चालीनें तीं बाहेर येतात. लोंबकळत्या इंजिनाखालीं हात अथवा पाय घालावयाचा नाहीं, हा नियम मात्र शहरास व अरण्यास सारखाच लागू आहे.

उतरविणें सोपें, चढविणें कठीण. क्लचची प्लेट बरोबर मध्यावर नसेल तर गिअरबॉक्सचा दांडा तिच्या छिद्रांत शिरतच नाहीं. घरगुती कारागीर यासाठीं लांकडाची खुंटी तासून घेतो, प्लेट तिच्यावर तोलून धरतो आणि मग बोल्ट आंवळतो. दांडा शिरत असतां गिअरबॉक्सचें ओझें त्यावर लोंबूं द्यावयाचें नाहीं, नाहींतर प्लेट वांकते. हेडचे नट मध्यापासून कडेकडे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आंवळावयाचे. एकच कोपरा घट्ट केला तर हेडास बांक येतो. शेवटीं तेल भरून, स्पार्क प्लग काढून, हॅंडलनें इंजिन हातानें फिरवावयाचें, म्हणजे पहिल्या स्फोटापूर्वीं तेल सर्व सांध्यांत पोहोंचतें.

असें काम करतांना एक नट हयगयीनें बसला तर काय होतें? याचें उत्तर सिंगर कंपनीच्याच इतिहासांत आहे. १९३५ सालीं उत्तर आयर्लंडमधील आर्ड्सच्या शर्यतींत कंपनीच्या तीन मोटारी सुकाणूचा भाग निकामी होऊन एकाच ठिकाणीं आदळल्या. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं, परंतु कंपनीच्या लौकिकास जबर धक्का बसला. चालकाचें कौशल्य, इंजिनाची शक्ति, सारें कांहीं एका लहानशा भागावर अवलंबून असतें.

उलट घरगुती गाडीखान्यानें काय घडूं शकतें याचेंहि उदाहरण आहे. १९४८ सालीं कॉलिन चॅपमन या तरुणानें लंडनमध्यें आपल्या भावी पत्नीच्या आईबापांच्या घरामागील गॅरेजांत एक जुनी ऑस्टिन सेव्हन मोटार खोलून तिच्यापासून स्पर्धेची गाडी उभी केली. त्यांतूनच पुढें लोटस हा जगद्विख्यात कारखाना निघाला.

चॅपमनच्या घटनेनंतर एका वर्षानें, १९४९ मध्यें, वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवनाचा आरंभ झाला. सिंगर मोटारींत बसणाऱ्या तरुणाच्या जीवनांत मध्यंतरीं मोठें स्थित्यंतर घडलें होतें. वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असतां त्यांनीं मैला वाहण्याचें काम स्वतः अंगावर घेतलें होतें. तुळशीराम नांवाचा मरणोन्मुख कुष्ठरोगी पाहून आधीं त्यांचा थरकांप झाला होता आणि मग त्याची सेवा करून त्यांनीं त्या भीतीवर मात केली होती. कलकत्त्यास जाऊन ते कुष्ठरोगाची चिकित्सा शिकले. आनंदवनाच्या प्रारंभीं जवळ सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये होते. पहिलें मोठें काम म्हणजे माळावर विहीर खणणें.

इंजिनाचा आणि कुष्ठरोग्याचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनांत येईल. संबंध हाताचा आहे. कुशल मिस्त्री डोळ्यांपेक्षां बोटांनीं अधिक पाहतो. नट किती आंवळला म्हणजे पुरे, पिस्टनची रिंग सिलिंडरांत कोठें अडते, बेअरिंगांत खेळ किती आहे, हें त्यास बोटांचीं टोकें सांगतात. कुष्ठरोग नेमकी हीच विद्या हिरावून नेतो. त्याचे जंतु मज्जातंतूंवर घाला घालतात, बोटें बधिर होतात. तापलेल्या नळीवर हात भाजत असतांहि मालकास पत्ता लागत नाहीं. जखम चिघळते, बोटें झिजतात आणि वांकतात. मग समाज त्या माणसास म्हणतो कीं तुझ्या हातून आतां कांहीं होणार नाहीं.

आनंदवनानें हें म्हणणें खोटें पाडलें. तेथें त्याच हातांनीं शेती पिकविली, हातमाग चालविले, सुतारकाम केलें, इमारती उभारल्या. दयेच्या अन्नानें माणूस खचतो व कामानें उभा राहतो, हें तेथील मूळ सूत्र. बधिर हातानें काम करावयाचें तर हत्याराची मूठ जाड व लांकडी करावी लागते, गरम वस्तूस कापड गुंडाळून हात लावावा लागतो आणि स्पर्शाचें काम डोळ्यांवर सोंपवावें लागतें. श्रोतेहो, यांत कमीपणा कोणता? निरोगी मिस्त्रीहि आतां हेडचे नट टॉर्क-पान्यानें आंवळतो. ठराविक जोर लागला कीं पान्याचा टक्‌ असा आवाज येतो आणि बोटांच्या अंदाजाची गरज उरत नाहीं. बोटांचें ज्ञान साधनांत उतरवितां येतें, पद्धतींत बांधतां येतें. चिठ्ठ्या, डब्या आणि ठरलेला क्रम हींहि स्मरणशक्तीच्या मदतीस दिलेलीं साधनेंच आहेत. यांच्या जोरावर सामान्य माणूस असामान्य काम पार पाडतो.

२३ डिसेंबर १९७३ रोजीं बाबांनीं भामरागडच्या अरण्यांत हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथें त्या काळीं पावसाळ्यांत महिनोन् महिने बाहेरच्या जगाशीं संबंध तुटत असे. अशा जागीं रुग्ण असो वा वाहन असो, त्याचें जें कांहीं करावयाचें तें तेथेंच, हाताशीं असेल त्या साधनानें करावें लागतें. दूरच्या दुरुस्तीगृहाची वाट पाहणें हा तेथें पर्यायच नसतो.

आज नव्या मोटारींचें बॉनेट उघडलें तर वर प्लास्टिकचें झांकण दिसतें आणि दोष शोधण्यास संगणक लावावा लागतो. मोटारी अधिक भरंवशाच्या झाल्या, काजळी खरवडण्याचा त्रास गेला, हें चांगलेंच झालें. परंतु वस्तु बिघडली कीं ती टाकून द्यावी, ही संवय त्याबरोबर घरांत शिरली, आणि ती पुढें माणसांनाहि लावली जाते, हें मला भयंकर वाटतें. ज्याचा हात गेला, ज्याची दृष्टि गेली, जो वयानें थकला, त्यासहि आपण निकामी मालाच्या ढिगांत घालूं लागतों. मी अनेक वर्षें मुलांना शिकविलें. ज्या मुलास मास्तरांनीं मठ्ठ ठरविलें तोच शेतावरचा बंद पडलेला पंप खोलून चालू करतो, हें मी पाहिलें आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे कीं, प्रत्येक माध्यमिक शाळेंत एक मोडकें इंजिन असावें. तें मुलांनीं व मुलींनीं खोलावें, भाग ओळीनें मांडावे, धुवावे आणि पुन्हा जोडून तें चालू करावें. खोलण्याचा उत्साह सर्वांस असतो. जोडून देण्याची जबाबदारी शिकवावी लागते. ज्यानें एकदां स्वतःच्या हातांनीं सुटे भाग जुळवून बंद यंत्रास पुन्हा धडधड आणली, तो कोणत्याहि वस्तूस किंवा माणसास सहजासहजीं निकामी म्हणणार नाहीं.